शाल दिली, श्रीफळ दिलं, तरी ताई निघाल्या

आदरणीय बाई, जय ख्रिस्त.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची मी तीन वर्षांपासून चिटणीस आहे. तेरा ते एकोणीस वयाची चाळीसेक मुलंमुली दर रविवारी उपासनेनंतर जमतात. त्यांना सांभाळणारे पाच जण आहेत : सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या एक ताई, एसटीत वाहक असलेले एक दादा, एक शिक्षक जोडपं आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा. यातल्या कुणालाही मानधन नाही.

गेल्या वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेत आम्ही पाचही जणांचा सत्कार केला. मरून रंगाच्या शाली, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह, सगळ्यांचा फोटो. साडेसात हजार रुपये खर्च आला. एसटीतल्या दादांचं आडनाव स्मृतिचिन्हावर चुकीचं छापून आलं, त्याचं वाईट वाटलं. तीन महिन्यांत नर्सताई म्हणाल्या, 'पुढच्या नाताळनंतर मला धरू नका.' दादाही हळूहळू येईनासे झाले. कमिटीत विषय निघाला तेव्हा एक वडीलजन म्हणाले, 'सेवा प्रभूची आहे, माणसाचं कौतुक हवंच कशाला?' दुसरे म्हणाले, 'या वर्षी स्मृतिचिन्ह मोठं करू.' मला दोन्ही पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. संघातल्या एका मुलीच्या घरी फार वाईट प्रसंग घडला होता आणि नर्सताई सहा महिने तिच्यासाठी एकट्या धावत होत्या.

या डिसेंबरात पुन्हा सत्कार ठेवायचा आहे. काय केलं म्हणजे या माणसांना खरंच बरं वाटेल? आणि ताई राहतील?

तुमची,
एक चिटणीस

*

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सत्काराला किती खर्च आला ते त्यात आहे, शालींचा रंगसुद्धा आहे. त्या पाच जणांनी वर्षभरात काय काय केलं, ते मात्र एवढ्याशा दोन ओळींत आलंय, आणि त्यांतही 'नंतर कळलं' असं आहे. हे मी तुम्हाला बोल लावायला म्हणत नाही. कमिटीत विषय तिथंच थांबला असताना तुमच्या मनाला लागलं आणि तुम्ही लिहिलंत, याचं मला फार मोल वाटतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्या दोन ओळींपाशीच आहे. ज्याचे आभार मानायचे त्यानं काय केलंय हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. ठाऊक नसलं की आपण शाल देतो, कारण शाल कुणालाही चालते.

दादांचं आडनाव चुकलं ते छापणाऱ्याकडून चुकलं असेल. कार्यक्रमाआधी आपल्यापैकी कुणी ते वाचून पाहिलं नाही, हे मात्र दादांच्या लक्षात आलं असणार.

माझं सांगते. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, आणि पुढे तरुण मुलींच्या वर्गात मिळून मी बावीस वर्षं शिकवलं. माझ्याकडे एक दोनशेपानी वही असायची. मुली प्रार्थनेच्या विनंत्या सांगायच्या, त्या मी तिच्यात टिपून ठेवायचे. पूर्ण नाव कधी लिहिलं नाही. आद्याक्षर आणि तारीख, बस. गणिताचा पेपर. वडिलांची दारू. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बारावीचा निकाल लागायच्या आतच ठरवलेलं लग्न. अशा तीन वह्या भरल्या. माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मी वर्ग सोडला. मंडळीनं निरोपाचा कार्यक्रम केला. भाषणं झाली, मला 'दीपस्तंभ' म्हटलं गेलं, आणि शेवटी हजेरीपट आणि कपाटाची किल्ली मागून घेतली. घरी येऊन मी खूप रडले. का रडू येतंय ते माझं मलाच उमगत नव्हतं.

दोन आठवड्यांनी पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, घरी आल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "वहीत काय आहे ते मी विचारणार नाही. पण एवढ्या वर्षांत तुम्हाला सगळ्यांत जड काय गेलं?" मी दीड तास बोलत होते. एका मुलीला मी 'आईबापाचं ऐक' असं सांगितलं होतं आणि तसं सांगायला नको होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी बोलून दाखवलं. बाईंनी मध्ये एकदाही समजूत घातली नाही. शेवटी प्रार्थना केली आणि उठल्या. आभाराचा शब्दही त्या बोलल्या नाहीत, पण माझ्या बावीस वर्षांचे आभार मला पोचले ते त्या दीड तासात.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगते. डिसेंबरचा कार्यक्रम जरा बाजूला ठेवा आणि त्याआधी त्या पाचही जणांना एकेकट्यानं भेटा. घरी जा, किंवा त्यांना सोयीचं असेल तिथं. त्यांना विचारा : या वर्षात कुठल्या मुलाची काळजी जास्त वाटली? तुम्हाला काय जड गेलं? आम्ही काय केलं असतं तर बरं झालं असतं? मुलांच्या खाजगी गोष्टी काढायच्या नाहीत, नावं विचारायची नाहीत. तुम्ही ऐकायला गेला आहात, तेव्हा मंडळीच्या अडचणी सांगत बसू नका.

आता त्या वडीलजनांचं म्हणणं. ते मनापासून बोलले असणार, आणि त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधारही आहे. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं प्रभूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंच आहे. पण ती आज्ञा दान करणाऱ्यासाठी आहे. त्यानं कर्णा वाजवू नये, एवढंच ती सांगते. ज्याला मिळालं त्यानं तोंड मिटून बसावं, असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. नर्सताईंनी स्वतःचं कौतुक स्वतः केलं नाही, आपल्या बाजूची आज्ञा त्यांनी पाळली. आपल्या बाजूला कोणती आज्ञा आहे ते पाहायचं तर थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. तुमच्यामध्ये जे श्रम करतात त्यांची कदर करा, त्यांच्या कामामुळं त्यांना प्रीतीनं मान द्या, असं प्रेषित पौल तिथं मंडळीला विनवतो. हे दोन्ही अध्याय कमिटीत शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आणि शक्य झालं तर रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायही वाचा. उपासनेत तो फारसा वाचला जात नाही. नावांची यादी म्हणून आपण पान उलटतो. मला विचाराल तर कृतज्ञता कशी व्यक्त करावी याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. चोवीस माणसांना पौल नावानं सलाम सांगतो, आणि बऱ्याच नावांपुढे त्या माणसाचं काम लिहितो. फीबीबद्दल लिहितो, की तिनं पुष्कळांना आणि मलाही मदत केली आहे, तेव्हा तिला जे लागेल ते द्या. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्यानं माझ्यासाठी स्वतःची मान धोक्यात घातली. रूफसाची आई माझीही आई झाली. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चार बायकांसाठी तो 'श्रम केले' असा शब्द वापरतो. मूळ ग्रीकमध्ये तो थकून जाईपर्यंत राबण्याचा शब्द आहे आणि त्या अध्यायात तो या चौघींशिवाय आणखी कुणासाठी आलेला नाही. पौलाला कोण राबलं ते माहीत होतं. सगळ्यांना एकच विशेषण लावून तो मोकळा झाला नाही. आणि पत्र ज्यानं लिहून घेतलं त्या तर्तियानंही आपला सलाम त्यात घातलाय. लेखनिकालासुद्धा त्या पत्रात जागा मिळाली.

आपल्या भागात हे आणखी मनावर घेण्याचं कारण आहे. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. शाळांना, दवाखान्यांना, इमारतींना जी नावं मिळाली ती बहुतेक समुद्रापलीकडून आलेल्यांची, आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण पायी वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलाबाळांना गोष्टी सांगणाऱ्या, बायकांना अक्षरं शिकवणाऱ्या आपल्या बायबल बाया? माझी पणजी त्यांच्यातली एक होती असं घरी सांगतात. तिचं नाव कुठल्याही पाटीवर नाही, आणि आमच्या घरातही आता दोघा-तिघांनाच ते माहीत आहे. मंडळी विसरते ती वाईट हेतूनं नाही. कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून विसरते.

तेव्हा चिटणीस या नात्यानं तुम्ही एक वही घाला. मुलांची गुपितं तिच्यात नकोत, सेवकांनी केलेली कामं लिहा. 'जूनमध्ये दादांनी अकरावीच्या प्रवेशासाठी तीन मुलांना घेऊन तालुक्याला दोन फेऱ्या मारल्या.' 'सरांनी दहावीच्या पाच मुलांचा विज्ञानाचा सराव घेतला.' महिन्याला चार ओळी पुरेत. पुढच्या वर्षी कुणाचे आभार मानायचे असतील तेव्हा तुम्हाला विशेषणं शोधावी लागणार नाहीत.

शब्बाथ शाळेचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. १७८० साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकानं गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तेव्हा शिकवणाऱ्या बायकांना तो दिवसाला एक शिलिंग देत असे. काम वाढलं तशी विनावेतन शिकवणारी माणसं पुढं आली आणि तीच रीत जगभर पडली. म्हणजे या कामाला दाम होता आणि या माणसांनी तो आपण होऊन सोडला. कुणी आपला हक्क सोडला, तर तो सोडलेला आहे याची जाणीव आपल्या वागण्यात दिसायला हवी. मानधन सुरू करा असं मी म्हणत नाही. पण खिशातून जातं ते तरी भरून द्या. दादांचं पेट्रोल, मुलांचे वडापाव, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, शिबिराला जाताना ज्या मुलाकडे पैसे नव्हते त्याची गुपचूप भरलेली फी. माझ्या काळात मी हे सगळं घरखर्चातून करत होते, आणि माझ्या मिस्टरांनी कधी विचारलं नाही म्हणून ते निभावलं. सगळ्यांच्या घरी तसं नसतं. साडेसात हजारांतून महिन्याला सहाशे रुपयांचा छोटा निधी होतो, वर्षभर पुरतो. एक साधं पाकीट ठेवा, पावती असली तर ठीक, नसली तर शब्द पुरे. मागायला लावू नका. दर महिन्याला तुम्हीच विचारा. मागायची लाज वाटून पुष्कळ जण तो खर्च सोसत राहतात आणि एक दिवस येणंच बंद करतात.

आता मला ज्याची सगळ्यांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीवर येते. नर्सताई सहा महिने एकट्या धावल्या. तो प्रसंग काय होता ते तुम्ही लिहिलं नाही, ते बरोबरच केलंत. पण एखाद्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कानावर आलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातलं आहे, मंडळीत मिटवू' असं तिथं चालत नाही. हे तुमच्या पाचही जणांना माहीत आहे का? कुणी कधी बसून सांगितलंय का? मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक संघाच्या खोलीत भिंतीवर लिहिलेत का?

हे सगळं आभाराच्या विषयात कुठून आलं, असं वाटेल. माझ्या मते ते त्याच्या मुळाशीच आहे. पंधरा वर्षांची मुलगी रात्री अकरा वाजता फोन करून असं काही सांगते की ऐकणाऱ्याची झोप उडते. ती ताई सकाळी ड्युटीवर जाते, कुणाला सांगू शकत नाही, चुकलं तर सगळं आपल्यावर येईल ही भीती तिला खात असते. अशा माणसाला वर्षाच्या शेवटी नारळ देऊन आपण काय सांगतो? निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की हे काम तुला एकट्याला झेपणार नाही, तू झिजून जाशील, दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसं नेम. इथ्रोनं जावयाची स्तुती केली नाही. दिवसभर त्याचं काम बसून पाहिलं आणि त्याचा भार वाटून दिला. जावयावर प्रेम होतं म्हणूनच त्यानं तसं केलं.

म्हणून कमिटीत दोन ठराव करून घ्या. पहिला : कुठलंही गंभीर प्रकरण एका सेवकाकडे एकट्याकडे राहणार नाही. पाळकसाहेब किंवा कमिटीनं नेमलेली एक जाणती बाई, अशा एका व्यक्तीला ते लगेच कळवायचं, आणि पुढची धावपळ त्या व्यक्तीनं वाटून घ्यायची. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच कानावर ती जाणार नाही, एवढी काळजी घेऊन ती व्यक्ती नेमा. दुसरा : मुलामुलींबरोबर कुणीही मोठं माणूस बंद खोलीत एकटं बसणार नाही, बोलायचं तर दार उघडं आणि दुसरं कुणीतरी नजरेच्या टप्प्यात. हा नियम सगळ्यांना सारखाच, ज्यांच्यावर आपला शंभर टक्के विश्वास आहे त्यांनाही. तो मुलांना जपतो आणि सेवकांच्या नावालाही जपतो. मोठ्या कौतुकानं एखाद्याला इतकं उंच बसवायचं की त्याला कुणी काही विचारूच शकत नाही, हे मी माझ्या आयुष्यात एकदा पाहिलंय. त्याचे परिणाम मुलांनी भोगले. म्हणून आदर आणि नियम या दोन्ही गोष्टी एकाच हातानं द्याव्या लागतात.

पाचही जणांना एकच गोष्ट देऊ नका. ती माणसं वेगवेगळी आहेत.

दादांचं उदाहरण घ्या. एसटीच्या वाहकाला रविवार मिळणं किती अवघड असतं! साप्ताहिक सुट्टी कुणाबरोबर तरी बदलून घ्यायची, त्यासाठी सणावाराला दुसऱ्याची ड्युटी करायची, हे त्यांनी किती वर्षं केलं असेल? त्यांना विचारा, रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळी किंवा महिन्यातून दोनदा जमेल का? मंडळीची वेळ त्यांच्यासाठी बदलली, तर त्यांना कळेल की ते आपल्याला हवे आहेत. आणि आडनावाबद्दल जाऊन माफी मागा. नवं स्मृतिचिन्ह पाठवून भागणार नाही, तुम्ही स्वतः जा.

शिक्षक जोडप्याला वर्षातून चार रविवार मोकळे द्या. त्या दिवशी वर्ग कोण घेणार ते तुम्ही आधी ठरवा, त्यांना बदली माणूस शोधायला लावू नका. दोघं नवरा-बायको मंडळीच्या कामात असले की घरात एकमेकांशी बोलणंही मंडळीचंच होतं. मुलं लहान असतील तर त्या मुलांनी आईबापांना किती वाटून घेतलंय तेही ध्यानात ठेवा.

बी.कॉम.चा मुलगा म्हणजे स्वतःच अजून घडतोय. विशीतला आहे, आणि आपण त्याच्यावर पंधरा वर्षांच्या मुलांचा भार टाकलाय. त्याला शालीपेक्षा एखादं जाणतं माणूस द्या, महिन्यातून एकदा त्याच्याशी बोलणारं, त्याच्या नोकरीची, परीक्षेची चौकशी करणारं. परीक्षेच्या दोन महिन्यांत त्याला कामातून मोकळं करा. मंडळीच्या कागदावर त्याला अनुभवाचं पत्र द्या, त्यात नेमकं काय काम केलं ते लिहा. उद्या नोकरीच्या मुलाखतीत त्याला ते दाखवता येईल. आणि एक आवर्जून करा. पाळकसाहेबांना घेऊन त्याच्या आईवडिलांकडे जा आणि त्यांच्यासमोर सांगा, तुमचा मुलगा काय करतो ते. त्या वयाच्या मुलाला घरात 'सारखा चर्चमध्ये पडलेला असतो' हेच ऐकावं लागत असतं.

राहिली मुलं. मुलांकडून आभार मिळावेत असं तुम्हाला वाटणार, आणि ते खरंच सगळ्यांत मोलाचे. पण या वयाच्या मुलांना माइकसमोर उभं करू नका. ती पाठ केलेली चार वाक्यं बोलतात, मान खाली घालतात, आणि ऐकणाऱ्यालाही अवघडायला होतं. त्यापेक्षा प्रत्येकाला एक कागद द्या आणि एकच गोष्ट विचारा : ताईंनी किंवा दादांनी केलेलं तुला काय आठवतं, ते लिही. 'तुम्ही खूप चांगले आहात' असं लिहायला मनाई करा. मग बघा काय येतं ते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'बाई, मी नापास झाले त्या रविवारी तुम्ही मला प्रार्थना करायला सांगितलं नाहीत, भांडी विसळायला बोलावलंत.' मला तो रविवार आठवतसुद्धा नव्हता. ती चिठ्ठी माझ्या बायबलमध्ये आहे. कागद बंद पाकिटात द्या, व्यासपीठावरून वाचून दाखवू नका. फक्त आधी मुलांना सांगून ठेवा, की कुठल्याही घरची खाजगी गोष्ट लिहायची नाही.

आणि पालक. पालक येत नाहीत, म्हणजे आभार मानायला येत नाहीत; तक्रार असली की येतात. तुमच्या चाळीस मुलांपैकी दहा आयांनी जरी वर्षातून एकदा फोन करून 'ताई, तुमच्यामुळं आमची पोरगी पुन्हा घरात बोलायला लागली' एवढं म्हटलं, तरी पुढचं वर्ष निघून जातं. हे घडवून आणणं तुमच्या हातात आहे. पालकसभेत पाच मिनिटं मागून घ्या आणि सांगा.

तारखेचंही जरा पाहा. डिसेंबर नको. नाताळची नाटिका, कॅरलच्या फेऱ्या, देखावा, केक, खिरापत, सगळं याच पाच जणांच्या अंगावर असतं. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असला तरी आपल्या मंडळ्यांना तो सोयीचा नाही. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण सांगते, की ३१ जानेवारी हा तरुणांचे संत डॉन बॉस्को यांचा सण, त्या सुमाराला त्यांच्याकडे युवकांसोबत काम करणाऱ्यांची आठवण काढली जाते. पण जानेवारीच्या शेवटी दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा असतात आणि तुमचे शिक्षक तिथं अडकलेले असणार. मला विचाराल तर उन्हाळ्यातलं शिबिर आणि व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) उरकल्यावर, जूनच्या पहिल्या पावसाच्या आसपास, शाळा सुरू होण्याआधी एक संध्याकाळ ठेवा. जेवण कमिटीनं रांधायचं, वाढायचंही कमिटीनं. या पाच जणांनी त्यांच्या घरच्यांसह नुसतं बसायचं. त्या दिवशी सतरंज्यासुद्धा त्यांना उचलायला लावू नका. नर्सताईंच्या सासूबाई असतील, दादांच्या पत्नी असतील, त्यांचेही आभार माना, कारण रविवारची दुपार त्यांच्याही घरातून गेलेली आहे.

स्मृतिचिन्ह द्यायचंच असेल तर द्या, मी त्याच्या विरुद्ध नाही. शाल पांघरताना म्हाताऱ्या आईचे डोळे भरून येतात, हेही मी पाहिलंय. फक्त त्याच्याबरोबर एक हातानं लिहिलेलं पत्र असू द्या, वहीतल्या चार ओळींवरून लिहिलेलं. मोठं स्मृतिचिन्ह मात्र घेऊ नका. तो पैसा त्या पाकिटात जाऊ द्या.

ताई राहतील का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण मनापासून देते. ताईंना थांबवून घेण्यासाठी यातलं काहीही करू नका. माणूस आभार मानायला आलाय की अडवायला आलाय, हे दमलेल्या माणसाला दारातच कळतं. त्या थकल्या असतील तर त्यांना जाऊ द्या, सन्मानानं जाऊ द्या, 'प्रभूचं काम सोडलं' असं कुणी मागून बोलणार नाही याची जबाबदारी तुम्ही घ्या. पौलाचा सोबती बर्णबा, त्यालाही कुठंतरी पौलापासून वेगळं व्हावं लागलं, म्हणून प्रेषितांनी दिलेलं 'बोधपुत्र' हे त्याचं नाव कुणी काढून घेतलं नाही. यापुढे सगळ्यांसाठीच दोन वर्षांची मुदत ठरवा आणि नंतर सहा महिने विश्रांती. मुदत ठरलेली असली की सोडताना अपराधी वाटत नाही, आणि ज्यांना परत यायचंय ते येतात.

तोवर एक करा. रात्रपाळी नसेल असा दिवस विचारून घ्या आणि ताईंकडे जा. एकट्या जाऊ नका, पाळकीणबाईंना बरोबर घ्या. हातात काही न्यायचंच तर घरचं काहीतरी न्या. सहा महिने तुम्ही एकट्या होतात आणि आम्हाला दिसलं नाही, याबद्दल त्यांची क्षमा मागा. त्या मुलीचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर ऐका, कितीही वेळ लागला तरी. आणि निघताना नाताळच्या नाटिकेची तालीम कोण घेणार, हे त्यांना विचारू नका.

तुमच्यासाठी आणि त्या पाच जणांसाठी प्रार्थना करते आहे.

तुमची,
बाई